दोरीच्या गाठीतून उभी राहिलेली यक्षी

आज आपण दोरीबद्दल बोलणार आहोत, आणि दोरीच्या गाठीबद्दल.

जुन्या घरात आढ्याला शिंकं टांगलेलं असायचं. त्यात दह्यादुधाचं मडकं, मांजराच्या उडीच्या वर. ते शिंकं विणायला ना माग लागायचा, ना सुई. अंबाडी डोहात भिजवायची, कुजली की सोलायची, वाख काढायचा, मांडीवर वळून दोरी करायची आणि बोटांनी गाठी मारत जायचं. बैलाचं मुसकंही असंच. निरगाठ कुठे, सुरगाठ कुठे, हे कुणी वहीत लिहून ठेवलं नाही. हात बघून हात शिकले.

आता शिंकी गेली. पण आपल्या गटांमधून मॅक्रमचं काम आलं. कुंडी टांगायच्या जाळ्या, तोरणं, झुले. गाठी त्याच, फक्त धागा सुती आणि नाव नवीन. आणि इथेच एक गोष्ट आम्हाला बैठकीमागून बैठकीत ऐकावी लागते. माल घेणारा व्यापारी तोरण तळहातावर तोलतो आणि म्हणतो, "यात दोरा किती गेला?" दोऱ्याचे पैसे तो धरतो. बोटांचे धरत नाही. वर म्हणतो, हे तर बायकांचं फावल्या वेळचं काम.

म्हणून आज अशा एका बाईची गोष्ट सांगायची आहे, जिने जवळजवळ तीस वर्षं दोरीला गाठीच मारल्या, आणि त्या गाठींमधून माणसापेक्षा उंच मूर्ती उभ्या केल्या. त्यांचं नाव मृणालिनी मुखर्जी. आम्ही त्यांना मृणालिनीताईच म्हणणार.

जन्म 1949 सालचा, आपल्या मुंबईतला. पण वाढल्या हिमालयाच्या पायथ्याशी, देहरादूनला. सुट्टीत बंगालमध्ये, शांतिनिकेतनला जायच्या. वडील बिनोदबिहारी मुखर्जी हे मोठे चित्रकार, भिंतींवर मोठमोठी चित्रं काढणारे. त्यांची नजर लहानपणापासून अधू होती. 1957 मध्ये डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. मृणालिनीताई तेव्हा जेमतेम आठ वर्षांच्या. वडील थांबले नाहीत. कागद कापून, चिकटवून चित्रं करत राहिले, आणि पुढे 1972 मध्ये शांतिनिकेतनमध्ये फरशीच्या तुकड्यांचं एक भित्तिचित्रही त्यांनी केलं, आंधळेपणीच. सत्यजित राय यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला तो याच वर्षी. आई लीला मुखर्जी लाकडातून मूर्ती कोरायच्या. म्हणजे एकीकडे हातांनी बघणारा बाप आणि दुसरीकडे छिन्नी चालवणारी आई. अशा घरातल्या मुलीला वस्तू बोटांनी ओळखायची सवय लागली असेल, असं आम्हाला वाटतं.

पुढे त्या बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकायला गेल्या. तिथे त्यांना के. जी. सुब्रमण्यन हे गुरू भेटले. हे स्वतः शांतिनिकेतनमध्ये बिनोदबिहारींकडे शिकलेले. सुब्रमण्यन यांचं एक म्हणणं होतं, आणि ते आपल्या फार कामाचं आहे. कुंभार, विणकर, खेळणी करणारा कारागीर आणि शहरातला कलाकार यांच्यामध्ये जी भिंत उभी केली आहे, ती त्यांना मान्य नव्हती. त्यांनी हातमाग मंडळात नोकरीही केली होती. बडोद्यात मुलं आणि शिक्षक मिळून कलेची जत्रा भरवायचे. त्यात खेळणी, मुखवटे, माळा असं सगळं हाताने करून विकायचे. त्या वातावरणात दोरी, ताग, काथ्या हाताळायला कुणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती.

बडोद्याचं शिक्षण संपता संपता मृणालिनीताईंनी तागाच्या जातीचा जाडाभरडा धागा हातात घेतला. हिंदीत त्याला सन म्हणतात. 1972 मध्ये त्यांनी केलेली एक खार आहे, भिंतीवर टांगायची. त्यानंतर त्या दिल्लीत राहायला गेल्या आणि काम वाढत गेलं. धागा बाजारातला साधाच, ज्याची खाट विणतात, पोती बांधतात. तो त्या रंगवून घ्यायच्या. गर्द जांभळा, मोहरीचा पिवळा, विटेचा तांबडा, शेवाळी हिरवा. आणि मग गाठी.

ही पद्धत नीट समजून घेऊ, कारण नवल त्यातच आहे. मूर्ती करायची म्हटलं की दोन रीती आपल्याला माहीत आहेत. एक तर दगड किंवा लाकूड घ्यायचं आणि नको ते काढून टाकायचं. नाहीतर माती घेऊन लिंपत चढवायची, जशा गणपतीच्या कारखान्यात करतात. मृणालिनीताईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी मूर्ती गुंफली. आधी कागदावर चित्र नाही, छोटा नमुना नाही. काही ठिकाणी आतून लोखंडी सळीचा आधार द्यायचा आणि गाठीला गाठ जोडत जायचं. विणीत पुढे काय होईल ते हातातल्या विणीवरूनच ठरायचं. गाठी घट्ट मारल्या की पत्रा व्हावा तसा कडक पदर तयार होतो. सैल सोडल्या की तो झोळीसारखा लोंबतो. शिंक्यात मडकं ठेवलं की शिंकं कसं ताणून गोल होतं, आठवा. दोरीचं स्वतःचं वजन दोरीला आकार देतं. मृणालिनीताई त्या वजनालाच कामाला लावायच्या. पदरावर पदर, घडीत घडी, मध्ये पोकळी, आणि एकेका मूर्तीला महिनोन्‌महिने.

आणि त्यातून काय उभं राहिलं? 'रुद्र' आणि 'देवी' 1982 च्या. 'यक्षी' 1984 ची, सात फुटांहून उंच. 'पक्षी' 1985 चा. पुढे 'वनश्री', 'अरण्यानी'. नावं देवळातली आणि रानातली, पण या मूर्ती कुठल्या देवळात बसवण्यासाठी नव्हत्या. त्यांना हात, पाय, डोळे असे मोजून दाखवता येत नाहीत. जवळून पाहिलं तर केळफुलाचा पदर वाटावा, लांबून पाहिलं तर शेंदूर फासलेली रानातली देवी वाटावी. काही घड्या उघडउघड बाईच्या शरीराच्या आहेत, जिथून जन्म होतो त्या जागेच्या. मृणालिनीताईंनी ते लपवलं नाही. फूल आणि देह दोन्ही एकाच दोरीत ठेवले. आमच्यातल्या काहीजणी फोटो पाहून आधी लाजल्या, मग बराच वेळ फोटो खाली ठेवेनात.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळी दिल्ली-मुंबईच्या कलेच्या जगात मूर्ती म्हणजे पितळ, दगड, लाकूड. दोरीच्या गाठी म्हणजे हस्तकला, म्हणजे मुलींच्या शिवणकामाच्या तासाचं काम. त्यातून 1970 च्या सुमारास परदेशात मॅक्रमची लाट आली होती, घरोघरी कुंड्या टांगल्या जात होत्या. त्यामुळे मृणालिनीताईंचं काम कुठल्या खणात ठेवायचं, हे अनेकांना कळेना. चित्र म्हणावं तर नाही, विणकाम म्हणावं तर मागावरचं नाही, मूर्ती म्हणावी तर मऊ. खणात बसत नसलेल्या वस्तूची किंमत करायला लोक कचरतात. आपल्या मालाचंही असंच होतं ना?

हा प्रश्न त्यांच्या एकटीपुढे नव्हता. पोलंड देशात माग्दालेना अबाकानोविच नावाच्या बाई होत्या. त्यांनी 1960 च्या दशकात जहाजांचे जुने, टाकलेले दोरखंड गोळा केले. ते उसवले, धुतले, रंगवले आणि त्यातून छतापासून लोंबणारी, आत शिरून उभं राहता येईल अशी प्रचंड विणकामं केली. त्यांना काय म्हणावं हे सुचेना, तेव्हा बाईंच्या आडनावावरूनच लोक त्यांना 'अबाकान' म्हणू लागले. म्हणजे नावच नव्हतं, नाव घडवावं लागलं.

आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकात शीला गौडा आहेत, भद्रावतीच्या. चित्रकलेचं मोठं शिक्षण घेतलेल्या. 1990 नंतरच्या दंगलींच्या काळात त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि शेण हातात घेतलं. आपण गोवऱ्या थापतो तेच शेण. नंतर सुईदोरा घेतला. लांबच लांब दोरे सुईत ओवून, एकत्र करून, कुंकू आणि डिंकाने माखून त्यांनी रक्ताच्या नाडीसारखे दोर केले, टोकाला सुया तशाच लटकत. देवाला वाहिलेल्या केसांचेही दोर त्यांनी वापरले. बंगळुरूकडे गाडीला नजर लागू नये म्हणून असे दोर बांधतात. 2009 मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांनी सुमारे चार किलोमीटर लांबीच्या केसांच्या दोरांनी गाड्यांचे वीस बंपर टांगले होते. लोखंड जड, केस हलका, आणि केसाने लोखंड पेललेलं. शेण, कुंकू, केस, सुई. आपल्या घरात यातलं काय नाही?

पण मृणालिनीताईंकडे परत येऊ. त्यांनी वाद घालण्यात फार वेळ घालवलेला दिसत नाही. त्या गाठी मारत राहिल्या. 1978 मध्ये ब्रिटिश कौन्सिलची शिष्यवृत्ती मिळून इंग्लंडला शिकून आल्या. 1994 मध्ये तिथल्याच ऑक्सफर्ड शहरातल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. 1996 मध्ये हॉलंडमधल्या एका केंद्रात त्या मातीकाम करायला गेल्या आणि नंतर पितळ-काशाच्या ओतकामाकडे वळल्या. एकदा पितळ हातात आल्यावर कुणीही त्यांना मूर्तिकार म्हणायला तयार झालं असतं. पण आमचा जीव अडकला आहे तो दोरीतच. पितळ कुणीही मोठं मानतं. दोरीला मोठं करून दाखवणं अवघड.

जानेवारी 2015 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं. दोरी, माती, धातू, सगळं एका छताखाली. प्रदर्शन सुरू झाल्यावर आठवड्याभरातच मृणालिनीताई गेल्या. वय 65. चार वर्षांनी, 2019 मध्ये, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन केलं. 'यक्षी' आता न्यूयॉर्कच्याच आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा मागून एकीने विचारलं, "मग आम्ही आता यक्ष्या करायच्या का?" हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. तोरण हे तोरणच आहे, ते दाराला लावायचं आहे, आणि त्याला मूर्ती म्हटल्याने व्यापारी दुप्पट पैसे देणार नाही. मृणालिनीताई शिकलेल्या घरातल्या, त्यांना गुरू मिळाले, वेळ मिळाला, हेही खरं. ते झाकून आपली त्यांच्याशी बरोबरी सांगण्यात अर्थ नाही. पण किंमत करताना धागा तोलायचा की हात, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच आहे. आमच्या काही गटांनी आता मालाच्या वहीत दोऱ्याच्या खर्चाशेजारी तासांचा रकाना पाडला आहे. एका झुल्याला किती तास, कुणाचे हात, हे लिहून मगच भाव बोलायचा. व्यापारी कुरकुर करतात. वही पुढे केली की निदान वाचतात तरी.

मृणालिनीताईंची आणखी एक मूर्ती लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. 2000 सालची, त्यांच्या दोरीकामाच्या अगदी शेवटच्या काळातली. नाव 'जौबा'. बंगालीत जवा म्हणजे आपली जास्वंद. शेजारी कशापासून बनवली याची नोंद आहे, ती एवढीच: तागाचा धागा आणि पोलाद.