वकट, लेंड, मूंड, नाल : विटीदांडूची गणती

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यात खेळांची नोंद करताना मी एक चूक केली. सत्तरीच्या एका गृहस्थांनी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे म्हणत विटी कधी पायावरून, कधी मुठीवरून, कधी डोळ्यावरून उडवून दाखवली. माझ्या छापील तक्त्यात ‘नियम’ असा रकाना होता. त्यात मी ‘पहिला टोला, दुसरा टोला’ असे नीटनेटके लिहिले आणि शब्द वगळले. पोरांची बडबड, दुसरे काय, असे तेव्हा वाटले.

हे शब्द म्हणजे अंक आहेत, हे पुढे एका तेलुगूभाषक सहकाऱ्याने हसत हसत ध्यानात आणून दिले. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. कानडीतही मूरु, नाल्कु आहेतच; पण कानडी ‘ओंदु’वरून ‘वकट’ काढता येत नाही. खरी गंमत पुढे आहे. काही ठिकाणी ‘नाल’नंतर एकदम ‘आर’ येतो, आणि तेलुगूत ‘आरु’ म्हणजे सहा! मग पाच कुठे गेले? गावोगावच्या याद्या शेजारी ठेवल्याशिवाय हे कळणार नाही, आणि माझ्या तक्त्यात नेमकी तीच यादी नाही.

एडवर्ड टायलर यांनी १८७९ साली आपली पचिसी आणि मेक्सिकोतील पातोली यांचे साम्य दाखवून जुन्या संपर्काचा तर्क मांडला. तो पुढे वादग्रस्त ठरला, तरी खेळ हा संपर्काचा पुरावा असू शकतो ही दृष्टी त्यातून मिळाली. आपल्याला तर समुद्रही ओलांडायचा नाही. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारसा करारात (भारत त्यात २००५ मध्ये सामील झाला) मौखिक परंपरा, भाषेसह, हे पहिलेच क्षेत्र आहे. खेळांना वेगळे क्षेत्र नाही. ते प्रथा-उत्सवांत बसवले, की मैदान, गडी आणि साहित्य यांची नोंद होते. तोंडचे शब्द बाहेर राहतात.

गेल्या उन्हाळ्यात त्याच गावी गेलो. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या नातवाला ‘वकट’, ‘लेंड’ आठवले. पुढच्या दोहोंचा क्रम त्याने दोनदा उलटसुलट सांगितला. ‘आर’चे विचारल्यावर म्हणाला, “ते आज्यालाच ठावं.” विटी मात्र घरात होती, बाभळीची, दोन्ही टोके तासलेली. तिचे माप मी घेतले.