खाडीचा बांध कोणी राखायचा?

कल्याण हे जुने बंदर, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र त्या बंदराची खाडी म्हणजे आमच्या बदलापूरवरून वाहणाऱ्या उल्हास नदीचेच खालचे अंग, हे सहसा ध्यानात येत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणचे दाते भेटतात. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे याच खाडीत मराठी आरमाराची जहाजबांधणी सुरू झाली. म्हणजे बंदर किनाऱ्यावर नव्हते. नदी आणि भरती जिथे भेटतात, तिथे होते.

आजचा कायदा ही भेट मिठाने मोजतो. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची. २०११ च्या अधिसूचनेनुसार, वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यात हजारी पाच भाग क्षार जिथपर्यंत आढळतो, तिथपर्यंतच नदीकाठ ‘किनारा’ ठरतो. बदलापूरच्या बंधाऱ्यातून पिण्याचे पाणी उचलतात, त्यामुळे आम्ही या रेषेबाहेर. पण आमचे सांडपाणी रेषा पाहून थांबत नाही. अंबरनाथ-उल्हासनगरची वालधुनी कारखान्यांचे आणि वस्त्यांचे पाणी घेऊन कल्याणच्या खाडीतच उतरते. उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाचा दावा राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला, तेव्हा २०१५ मध्ये लवादाने नदी सुधारण्याच्या खर्चाचा भार प्रदूषणास जबाबदार असणाऱ्यांवर टाकला.

हे तत्त्व नवे वाटेल, पण आपल्या खारपट्ट्यात ते जुनेच आहे. पेण भागात खाडी हटवून भातशेती काढणाऱ्यांना ‘शिलोत्री’ हक्क मिळत. शिलोत्रीदार शेतकऱ्यांकडून बिघ्यामागे मणभर धान्य घेई. बदल्यात समुद्राकडचा मोठा बांध आणि उघाड्या राखणे त्याच्यावर असे. ही व्यवस्था मी आदर्श म्हणणार नाही. कुळांवर तो सरकारी साऱ्यावरचा आणखी एक बोजाच होता. तरीही तिच्यात एक गोष्ट पक्की होती : बांध फुटला तर कोणाच्या दारात जायचे, हे गावाला माहीत होते. पुढे १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा झाला आणि ही जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे सरकली.

आता याच किनाऱ्यावर बंदरे पुन्हा वाढत आहेत. उरणजवळ न्हावा-शेवा १९८९ मध्ये सुरू झाले. डहाणूच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. याच वाढवणला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. बंदर हवे की नको, या वादाला दोन्ही बाजू आहेत. मासेमाराचे पोट एका बाजूला, रोजगाराची आशा दुसऱ्या बाजूला.

माझा प्रश्न त्याहून साधा आहे. धक्का कोण बांधणार, हे करारात लिहिलेले असते. खाजण, तिवरे आणि वरून येणाऱ्या नदीचे पाणी पुढची पन्नास वर्षे कोण राखणार, त्यासाठी बिघ्यामागचा मण कोण देणार आणि तो थकला तर वसूल कोण करणार, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. आणि त्या हिशेबात बदलापूरचेही नाव हवे. आमचेच पाणी खाली खाडीला जाते.