मधला टप्पा

गाडी भंडारा रोडला थांबलीय, तेवढ्यात चढून घ्या. साल १८९३. वरठीचं हे स्टेशन शहरापासून चांगलं लांब. बाहेर रेंग्या उभ्या आहेत, सोडलेले बैल तणस चघळतायत. हे रूळ आधी मीटरगेज होते, बंगाल-नागपूर कंपनीनं ते रुंद केले त्याला पाचेक वर्षं झाली. तिकीट मधल्या वर्गाचं असू द्या. वरच्या वर्गात साहेब, तिसऱ्यात अख्खा मुलूख, आणि या मधल्यात मास्तर, कारकून, आणि आज एक कवी.

ते खिडकीशी बसलेत. नारायण वामन टिळक, वय एकतीस-बत्तीस, मूळचे रत्नागिरीकडच्या करजगावचे. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषी' नावाचं मासिक चालवलं. आता राजनांदगाव संस्थानात नोकरीचं जमतंय का, ते बघायला निघालेत. समोर एक गोरा पाद्री आहे, अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथडिस्ट मिशनचा. डब्यात गोरा दिसला की आपल्या माणसानं अंग चोरून उभं राहायचं, असा तो काळ. या माणसानं मात्र अदबीनं वागवलं, आणि टिळकांची अर्धी ढाल तिथेच खाली आली असावी. वादाला ते कधीही तयार असत, सभ्यपणाला नव्हते.

बोलणं संस्कृत काव्यावरून निघतं आणि धर्मावर येतं. तुमच्याकडे कुणाचं लक्ष नाही, तेव्हा बाहेर बघा. धानाच्या बांध्या, बांध्यांच्या कडेला बोड्या, आणि कोहळी समाजानं बांधलेले मोठे तलाव. तुमसर रोड गेलं. पुढं वैनगंगेचा पूल, मग तिरोडा, गोंदिया, आमगाव, आणि दरेकसाच्या डोंगरातलं जंगल. हा सगळा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळं झालं ते १९९९ साली. चरित्रांतून मात्र 'नागपूर ते राजनांदगाव' एवढंच छापलेलं असतं. मधला बराचसा रस्ता भंडाऱ्याचा, पण त्याला कुणी ओळभर जागा देत नाही, ही माझी जुनी तक्रार.

पुलावर चाकांचा आवाज बदलतो, तुम्ही खाली पात्राकडे बघता. मान वळवता तेव्हा पुस्तक टिळकांच्या हातात आलेलं असतं. नवा करार. (हे वैनगंगेवरच घडावं ही माझी हौस. तेवढी चालवून घ्या.) वॉर्ड सांगतो की हे नीट वाचा, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटतं. पण वाचीन असा शब्द मात्र ते देतात.

माझ्या मते सगळी गोष्ट त्या शब्दात आहे. धर्मांतराची हकीकत सांगणाऱ्यांना वीज चमकायला हवी असते. इथे वीज नाही. एका पंडितानं आगगाडीत अनोळखी माणसाला शब्द दिला आणि तो पाळायचा म्हणून पुस्तक उघडलं. आवडीनं नाही, कर्तव्य म्हणून.

चला, त्यांच्या मागोमाग राजनांदगावात उतरा. दिव्यापाशी बसा. पहिली पानं वंशावळीची. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. पुराणं वाचलेल्या माणसाला यादीची धास्ती नसते, ती पानं उलटतात. मग मत्तयाचा पाचवा अध्याय येतो, डोंगरावरचं प्रवचन, आणि हात थांबतो. तीनच अध्याय आहेत, पाच ते सात. त्यांतून निघता येईना, असं पुढं टिळकांनीच सांगून ठेवलंय. दीनांना धन्य म्हणणारा, दान गुपचूप करा म्हणणारा, वैऱ्यावर प्रेम करा म्हणणारा हा गुरू त्यांना परका का वाटला नाही? तुकोबांमुळे. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते आयुष्यभर म्हणत राहिले. मिशनऱ्यांना हे वाक्य गोड वाटलं असेल, कट्टर नातेवाइकांना झोंबलं असेल. मला ते अभ्यासाचं वाक्य वाटतं. कोरी पाटी घेऊन कुणी धर्मशास्त्र शिकायला बसत नाही. आधीचं शिकलेलंच नव्याला वाचायला लागतं.

पण तुम्ही थांबा अजून, कारण हा मधला काळ लांबट आहे. शंका आहेत, आणि त्या घरात बोलता येत नाहीत. आपण ख्रिस्ती झालो तर काय काय तुटेल, याचा हिशोब त्यांना रोज रात्री करावा लागत असणार. अखेर १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. वॉर्डची दोन वर्षं भरायच्या आत. पत्नी लक्ष्मीबाईंना कळलं तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन गेली. ती कथा 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी सांगितलीय, त्यांच्याइतकी नीट कुणाला सांगता येणार नाही. आपण फक्त एवढं बघू, की काही वर्षांचा दुरावा सोसून त्या परत आल्या, पण नवरा म्हणतो म्हणून मान तुकवली नाही. जातीचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्यानं सोडवला, दुसऱ्यांच्या हातचं पाणी प्यायल्या, आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुस्तकी धर्मशास्त्राचा एकही वर्ग न करता.

आता अहमदनगर. अमेरिकन मराठी मिशनची धर्मशिक्षणाची शाळा इथे १८७८ पासून आहे. टिळक आता शिकवणारे आहेत. मागच्या बाकावर बसा आणि शब्दांकडे कान द्या. बाप्तिस्मा हा ग्रीकातून तसाच आलेला शब्द, मराठीत पाहुण्यासारखा वावरतो. पण येशूच्या मागं जाणाऱ्याला आपल्या बायबलात म्हटलंय 'शिष्य'. हा शब्द आला की त्याच्यासोबत गुरुकुल येतं, पायांशी बसणं येतं, वारकऱ्याचं कीर्तन येतं. नगरात कृष्णराव सांगळे हातात चिपळ्या घेऊन ख्रिस्ताचं कीर्तन करत होतेच. टिळकांनी अभंग-ओव्यांतून शेकडो गीतं लिहिली. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तरी कवीपणा सुटला नाही.

साताऱ्याला जायचं तर १९१७ मध्ये जा. तिथं पगारी मिशनरीपण सोडून टिळक 'देवाचा दरबार' मांडून बसलेत. ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणाऱ्या कुणालाही आत यायला मुभा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. यामुळे अनेक भुवया उंचावल्या. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ ला, मुंबईत ते गेले. दरबार फार पुढं चालला नाही. गीतं चालली.

आता परत या, भंडाऱ्यात. रविवारची उपासना संपलीय. बाकं सरकवून सात-आठ जण गोल करून बसलेत, तुम्हीही बसा. बायबल वर्ग आहे. 'उपासना संगीत'ची पानं अजून कुणाच्या मांडीवर उघडी आहेत, गीताखाली बारीक अक्षरात 'ना. वा. टिळक'. आजची मंडळी कोणत्या मिशनची लेकरं, हे विचारण्यात अर्थ राहिला नाही. स्कॉटिश असोत नाहीतर दुसरे, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि बऱ्याच पाट्या पुसल्या गेल्या. पाळक मत्तयाचा पाचवा अध्याय काढायला सांगतात. आज शेवटची सहा वचनं घ्यायची ठरलीयत.

दुसऱ्याच वचनाला गाडी अडते. तुमच्या शेजारचे काका, लाखनीकडचे शेतकरी, चष्मा काढून हातात घेतात. शेजाऱ्यानं शेताचा धुरा दोन हात आत सरकवलाय, म्हणतात. तीन वर्षं झाली. तलाठी येऊन गेला. मोजणी झाली, तरी तो ऐकत नाही. वैऱ्यावर प्रेम करायचं ते ठीक, पण धुरा सोडून द्यायचा का?

कुणी हसत नाही. एक बाई म्हणतात, प्रेम वेगळं आणि मोजणी वेगळी. कॉलेजातला एक पोरगा म्हणतो, मग दुसऱ्या गालाचं काय करायचं? पाळक उत्तर देत नाहीत. काकांनाच ते वचन पुन्हा वाचायला सांगतात, जरा मोठ्यानं. काका चष्मा लावतात, बोट ओळीखाली धरून सावकाश वाचायला लागतात, आणि वाचता वाचता मधेच थांबतात.