सारसाची शिरगणती

समुद्राची प्रकृती कशी ओळखायची? युरोपातील उत्तर समुद्राभोवतीच्या देशांनी त्यासाठी एका पक्ष्याची मदत घेतली. १९९२च्या ऑस्पार करारातील हे देश किनाऱ्यावर मरून पडलेल्या फुलमार पक्ष्यांच्या पोटातले प्लॅस्टिक तोलतात. शंभरातल्या दहापेक्षा जास्त पक्ष्यांच्या पोटात ०.१ ग्रॅमहून अधिक प्लॅस्टिक सापडू नये, असे उद्दिष्ट त्यांनी ठरवले. देश अनेक, पण माप एकच!

आपल्या गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. पण इथले पाणी वैनगंगेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. या पाण्याची प्रकृती सांगणारा पक्षीही आपल्याकडे आहे. तो म्हणजे सारस.

त्याची कहाणी तलावांपासून सुरू होते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या झाडीपट्टीत तलाव बांधले. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. पुढे मालगुजारी आली आणि हे तलाव मालगुजारांचे झाले. पाळ कुठे खचली, तुडूम कधी उघडायचे, गाळ कधी काढायचा, हे गावाला ठाऊक असे. ज्याचे धान त्या पाण्यावर पिके, त्याचे तलावावर लक्ष असे.

१९५१मध्ये मालगुजारी संपली. ते योग्यच झाले. तलाव मात्र ‘माजी मालगुजारी’, म्हणजे ‘मामा’ तलाव म्हणून सरकारी दप्तरात गेले. पूर्व विदर्भात असे सुमारे ६,८०० तलाव आहेत. मालकी बदलली, पण देखरेख कुणाची, हे नीट ठरले नाही. अनेक तलावांत गाळ साचला, बेशरम माजली, कडेच्या जमिनीवर अतिक्रमणे झाली.

हा बदल सारसाला जाणवला. माणसाएवढा उंच हा पक्षी उथळ पाण्यात कंद, किडे, बेडूक खातो आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीतही घरटे करतो. अंडी साधारणतः दोनच. तलाव बुजला, बांधीत विषारी औषध पडले, डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या, की त्याचा संसार मोडतो. आज महाराष्ट्रातले सारस मुख्यतः गोंदियातच उरले आहेत, तेही मोजके.

गोंदियाची सेवा संस्था, वनखाते आणि शेतकरी मिळून दर उन्हाळ्याअखेर सारसांची गणना करतात. भल्या पहाटे, पक्षी रात्रीच्या मुक्कामाहून उडण्याआधी, माणसे ठरलेल्या जागी जाऊन बसतात. ही गणना गोंदियापुरती थांबत नाही. भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातही ती होते. वाघ आणि वैनगंगा या नद्या आपल्यासाठी सीमा आहेत. सारस सकाळी अलीकडे चरतो, संध्याकाळी पलीकडे जातो. एकट्या जिल्ह्याने मोजले तर पक्षी घटला की नुसता नदीपार गेला, हे कसे कळणार?

२०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या झाल्या. तरी नुसत्या मोजणीने पक्षी वाचत नाही. नाडी पाहिल्यावर औषधही द्यावे लागते. गाळ काढणे, तारांची व्यवस्था करणे, घरटे असलेली बांधी राखणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहणे, ही ती औषधे.

मालगुजाराच्या काळी तलावावर गावाची नजर होती. आज वर्षातून काही पहाटे का होईना, ती नजर पुन्हा पाण्याकडे वळली आहे. ती उरलेले वर्षभर टिकली, तर सारसही टिकेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)