मूळगाठींतील नायट्रोजन चयापचय
द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम गटातील जीवाणू हवेतील नायट्रोजनाचा अमोनिया करतात. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात तूर व हरभरा ही त्याची हाताशी असलेली उदाहरणे. हरभऱ्याचे रोप फुलोऱ्याच्या सुमारास खणून काढून गाठ नखाने फोडली, की आत गुलाबी रंग दिसतो; तो लेगहीमोग्लोबिनाचा. हे प्रथिन मोकळ्या ऑक्सिजनाला आवर घालते, एरवी नायट्रोजनाचा अमोनिया करणारे नायट्रोजनेज हे विकर निकामी होते. विकर मोठे खर्चिक : नायट्रोजनाच्या एका रेणूमागे एटीपीचे किमान १६ रेणू, आणि तो खर्च झाडाच्या साखरेतून. अमोनिया ग्लुटामीन सिंथेटेज या विकरामुळे ग्लुटामिनात बांधला जातो. पुढे हरभरा हा नायट्रोजन मुख्यतः अस्पॅरजिनाच्या, तर तूर युरिआइडांच्या रूपात खोडाकडे पाठवते. युरिया भरपूर टाकल्यास गाठी कमी धरतात व नायट्रोजनेज मंदावते.