मणामागे सव्वा रुपया

साल १५५० च्या आगेमागचं धरा. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला अजून जेट्टी नाही, धक्का नाही. रत्नदुर्गाच्या डोंगराखाली वाळूचा एक पट्टा आहे आणि त्यावर ओढून घेतलेल्या होड्या. मुलखावर विजापूरकरांचा अंमल. तुम्ही एका गलबताचे तांडेल आहात. आत नारळ, सुपारी, थोडा तांदूळ भरलाय आणि निघायचंय गुजरातेकडे. वारा धार्जिणा आहे, खलाशी कंटाळलेत, तरी तुम्ही नांगर उचलत नाही. कारण एक कागद यायचाय.

त्या कागदाला पोर्तुगीज कार्ताझ म्हणतात. जहाज केवढं, तांडेल कोण, हत्यारं किती, कुठून निघालं नि कुठे जाणार, सगळं त्यात लिहिलेलं असतं. कागदाची फी मामुली आहे. खरी गोम पुढे आहे. कागद घेतला की पोर्तुगीजांच्या बंदरात शिरणं आलं, तिथे जकात भरणं आलं. मसाल्यांतला मोलाचा माल त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलाय. कागद नसताना त्यांच्या जहाजांना सापडलात तर माल गेला, गलबत गेलं, नशीब वाईट असेल तर माणसंही गेली. ज्या पाण्यावर तुमचा आजा वारा बघून निघायचा, त्याच पाण्यावर तुम्ही आता कागद बघून निघता.

दीडशे-पावणेदोनशे वर्षं पुढे या. साल १७१८. कान्होजी आंग्रे आता मराठी आरमाराचे सरखेल आहेत आणि परवाना मागणारे हात बदललेत. दस्तक आंग्र्यांचा. तो नसेल तर मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाचं गलबतसुद्धा अडवलं जातं. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक आंग्र्यांना सरळ चाचा ठरवून मोकळे होतात. गंमत अशी की कंपनी स्वतःही परवाने देतेच. मुंबईचा गव्हर्नर बून याच सुमाराला विजयदुर्गावर, मग खांदेरीवर आरमार धाडतो, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना जोडीला घेऊन कुलाब्यावर चाल करतो, आणि दर वेळी हात हलवत परततो. मराठी पुस्तकांत हा भाग वाचताना छाती फुगते, फुगावीच. पण गलबतात बसलेल्या तुमच्या लेखी हिशेब वेगळा आहे. किनाऱ्यावरच्या लहान व्यापाऱ्याला कागद या ना त्या दरबाराचा घ्यावाच लागला. राज्य आपलं असलं म्हणून जकातीच्या चौकीवरचा खोळंबा कमी होत नाही.

आंग्र्यांचं आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गाजवळ जळालं. जाळणाऱ्यांत इंग्रजांच्या बरोबरीनं पेशवेही होते, हे अजूनही गिळायला जड जातं. १८१८ ला मुलूख कंपनीकडे गेला, १८२२ मध्ये जिल्ह्याची कचेरी बाणकोटहून रत्नागिरीला आली. कचेरी आली म्हणजे कारकून आले, वह्या आल्या. परवान्याची अडवणूक आता समुद्रावरून उतरून किनाऱ्यावर आली आणि मिठात शिरली.

१८३७ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. १८४४ मध्ये सरकारनं शहरांतल्या जकाती आणि धंद्यांवरचे कर उठवले आणि ती तूट भरून काढायला मिठाचा कर एकदम रुपयावर नेला. कागदावर हा व्यवहार मोठा शहाणपणाचा दिसतो. बारीकसारीक कर गेले, कर एकच राहिला, वसुली सोपी झाली. सुरतेच्या लोकांना तो शहाणपणाचा वाटला नाही. ऑगस्टच्या अखेरीस ते रस्त्यावर उतरले, दुकानं बंद पडली, दंगल झाली आणि सरकारला रुपयावरून बारा आण्यांवर यावं लागलं. पुढे मात्र कर चढतच गेला. १८८८ साली तो मणाला अडीच रुपये होता. याच जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला उठले, तेव्हा त्यांनी हाच कर पुढे धरला. तिजोरीत शिल्लक पडतेय आणि गरिबाच्या मिठावर कर तसाच, हे कसं? पुढच्याच वर्षी कर आठ आण्यांनी उतरला.

दक्षिणेकडून चोरून मीठ आणावं म्हटलं तर तीही वाट बुजवून झाली होती. १८७८ च्या तहानं इंग्रजांनी गोव्याच्या मिठागरांवरसुद्धा आपला ताबा बसवला. पोर्तुगीजांचा मुलूख, पण आगरावर पहारा इंग्रजांचा! हा प्रकार १८९२ पर्यंत चालला. सीमेपलीकडच्या आगरवाल्यांचे आणि मच्छीमारांचे जे हाल झाले, त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही.

आता १९२० नंतरच्या एका नोव्हेंबरात थांबा. इथे जरा वेळ काढायचाय.

पहाट. बांगड्याचा हंगाम ऐन भरात. रात्री मासळी इतकी लागलीय की होड्या कडेपर्यंत बुडालेल्या. तुमच्या डोक्यावर हारा आहे, त्यातून पाणी मानेवर ठिबकतंय. ओला बांगडा रत्नागिरीच्या बाजारात खपून खपून किती खपणार? उरलेला दुपारपर्यंत खारवला नाही तर शेतात खत म्हणून जाणार. मीठ हवंय, आत्ता हवंय, आणि भरपूर हवंय. बाजारात कर भरलेलं मीठ घेऊन बांगडा खारवायचा तर मासा स्वस्त आणि मीठ महाग अशी उलटी गत होते.

ही अडचण सरकारला ठाऊक नव्हती असं नाही. फ्रान्सिस डे नावाच्या लष्करी डॉक्टरनं सगळा किनारा पालथा घालून १८७३ मध्ये अहवाल दिला होता. लोक महागडं मीठ परवडत नाही म्हणून खारट माती नाहीतर नुसतं समुद्राचं पाणी वापरून मासे सुकवतात, ते नासतात, आणि तेच गरिबाच्या पोटात जातात, असा त्याचा सूर. त्यातून मासे खारवण्याची सरकारी आवारं निघाली. मद्रास इलाख्यात निघाली, आपल्या किनाऱ्यावरही निघाली. आत मीठ सवलतीनं मिळायचं. अट एवढीच की मीठ बाहेर न्यायचं नाही.

तुम्ही कुंपणाच्या फाटकातून आत शिरता. कारकून लाकडी पेटीवर वही ठेवून बसलाय. मासळी नोंदवली जाते, तिच्या मानानं मीठ तोलून मिळतं. तुम्ही उकिडवे बसून बांगडा पाठीकडून चिरता, कोथा काढता, कल्ले काढता, फटीत मीठ भरता, एकावर एक थर लावता. बोटांना परांचे ओरखडे आहेत आणि प्रत्येक ओरखड्यात मीठ जातंय. तासाभरानं बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी बधिर होतात. मग उठायचं, हात धुवायचे, फाटकाशी यायचं.

"बाई, ओचा झाडा," शिपाई म्हणतो.

तुम्ही झाडता. दोन-चार खडे पडतात. खारवताना उडालेले असतील, किंवा नसतीलही. घरी कालवणाला लागतंच. शिपाई ते पायानं मातीत मिसळतो. मागची म्हातारी पुटपुटते, "दर्याचं पानी मोजीत न्हाईत अजून, नशीब."

तसं मीठ अंगणाबाहेरच तर आहे. किल्ल्याच्या खडकांत उधाणाचं पाणी साचतं, उन्हाळ्यात आटतं आणि कातळावर पांढरी खपली धरते. ती खरवडून घरी आणणं हा गुन्हा. मीठखात्याचा माणूस ती दिसली की नासवून टाकतो. सवलत देणाऱ्या सरकारला दया येत नव्हती असं मी म्हणणार नाही. डेसारख्या माणसाला ती आली होती. पण त्या दयेला कुंपण घालावं लागलं, फाटक लावावं लागलं, ओचा झाडून घ्यावा लागला. करानं नुसता पैसा नेला असता तर लोकांनी कदाचित आणखी पन्नास वर्षं काढली असती.

इथे मला बॉस्टन आठवतं. १७७३ च्या कायद्यानं लंडनच्या पार्लमेंटनं अमेरिकेतल्या वसाहतींसाठी चहा महाग केला नव्हता, उलट स्वस्त केला होता. विकणारी कंपनी तीच, आपली ईस्ट इंडिया कंपनी. तिच्या गोदामांत चहा पडून होता आणि तो थेट अमेरिकेत खपवायची तिला मुभा मिळाली. त्यावरची किरकोळ जकात तेवढी कायम ठेवली. तरी १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या बंदरात फेकल्या गेल्या. आम्हाला न विचारता आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण, हा सवाल स्वस्त चहानं मिटणारा नव्हता.

मिरकरवाड्यातल्या तुम्हालाही तोच सवाल १९२३ मध्ये ऐकू आला, कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलेल्या वर्तमानपत्रातून. सरकारला मिठाचा कर मणाला सव्वा रुपयाचा अडीच रुपये करायचा होता. दिल्लीच्या असेंब्लीत निवडून आलेल्या लोकांनी तो फेटाळला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं आपल्या खास अधिकारात सही करून तो लागू केला. वर्षभरात तो परत सव्वा रुपयावर आलाही. पण मोजायला बसलात तर सव्वा रुपया म्हणजे शेरामागे दोन पैसे. दोन पैशांसाठी कोण पेटून उठतं? मोतीलाल नेहरूंसारखी मोठी माणसंही १९३० मध्ये गांधींच्या या मिठाच्या खुळाकडे आधी शंकेनंच पाहत होती.

एप्रिलच्या ६ तारखेला दांडीत मीठ उचललं गेलं. तुम्हाला ते कळलं आगबोटीनं आलेल्या पेपरातून. भगवती बंदरापुढे आगबोट नांगर टाकते, पडावातून उतारू किनाऱ्याला येतात आणि त्यांच्याबरोबर मुंबईच्या बातम्या येतात: वडाळ्याची मिठागरं, लाठ्या, अटका. आणि मे उजाडतो.

मे म्हणजे आगोटीचे दिवस. पावसाचे चार महिने समुद्र बंद, म्हणून घरात सगळं साठवायचं. सुका बांगडा, सुकट, खारातल्या कैऱ्या, खारातले गरे, आमसुलाचं आगळ. घरात वर्षातलं सगळ्यात जास्त मीठ याच महिन्यात लागतं. आंदोलनाच्या पुढाऱ्यांनी मुहूर्त काही आगोट बघून काढला नसेल, पण कोकणातल्या बायकांना दोन पैशांचं गणित याच दिवसांत नीट समजत होतं.

आगबोटीत चढा आणि वेंगुर्ल्याला उतरा. तिथून शिरोडा. तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. गाव तसं शांत, माडाबागांचं. इथल्या शाळेत वि. स. खांडेकर नावाचे मास्तर शिकवतात आणि कथा-कादंबऱ्या लिहितात. खाडीकडे मिठागरं आहेत, चौकोनी वाफे, काठाला पांढरे ढीग. सत्याग्रहींची छावणी पडलीय. बरेचसे घाटावरून आलेले आहेत, उन्हानं भाजलेले, खाऱ्या वाऱ्याची सवय नसलेले. पुढाऱ्यांत आप्पासाहेब पटवर्धन आहेत, ज्यांना पुढे लोक कोकणचे गांधी म्हणतील. तुकडी निघते, वाफ्यात उतरते, मूठ भरते. पोलीस लाठ्या उगारतात. मुठी सुटत नाहीत म्हणून मनगटं पिरगाळली जातात. पुन्हा दुसरी तुकडी.

तुम्ही बांधावर उभे आहात आणि मनात दोन गोष्टी एकदम येतात. एक, हे मीठ आयतं उगवलेलं नाही, कुणा आगरवाल्यानं तीन महिने पाणी खेळवून ते पिकवलंय. दोन, तुमचा खारवण्याच्या आवारातला परवाना. नाव लिहून घेतलं तर नोव्हेंबरात फाटकातून आत कोण घेणार? पकडला गेलेला वकील सुटून आला की त्याचा सत्कार होतो. मच्छीमाराचा हंगाम बुडाला की कर्ज होतं. लढ्याच्या इतिहासात किनाऱ्यावरच्या माणसांची नावं कमी का सापडतात, त्याचं एक कारण इथे आहे, आणि त्याला भित्रेपणा म्हणायची माझी तयारी नाही. खडकावरची खपली रात्री खरवडणाऱ्या म्हातारीला सत्याग्रही म्हणून कुणी नोंदवणार नव्हतं. कायदा मात्र तिनंही मोडलाच होता, आणि दांडीच्या कितीतरी आधी.

५ मार्च १९३१. गांधी आणि आयर्विन यांचा करार होतो. मिठाचा कायदा रद्द होत नाही. सूट मिळते ती एवढी: जिथे मीठ गोळा करता येतं किंवा पिकवता येतं तिथल्या आसपासच्या गावकऱ्यांनी ते घरच्यासाठी घ्यावं, गावातल्या गावात विकावं, बाहेर विकू नये.

बंदरावर यावरून वाद जुंपतो. कालवणातलं मीठ सुटलं, हे खरं. पण बांगड्यात भरलेलं मीठ? बांगडा खारवायचा तो घाटावर, कोल्हापूरकडे पाठवायला. मासा गावाबाहेर गेला की त्याच्या पोटातलं मीठही गावाबाहेर गेलं. कुणी म्हणतं चालेल, कुणी म्हणतं शिपायालाच विचारा. शिपाई म्हणतो, वरून लेखी हुकूम आल्याशिवाय मी काही सांगणार नाही. पुढच्या हंगामात तुम्ही पुन्हा त्याच फाटकातून आत जाता, वहीत मासळी नोंदवता आणि बाहेर येताना ओचा झाडता.

हे असं आणखी सोळा वर्षं चालतं. १९४७ च्या फेब्रुवारीत हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान अर्थसंकल्प मांडतात, आणि १ एप्रिलपासून मिठावरचा कर उठतो. सवलतीचं मीठ आणि बाजारचं मीठ यांत आता करापुरता फरक उरत नाही, म्हणून मीठ तोलून देणाऱ्या कारकुनाला तोलायचं कारण उरत नाही. पुढे ही आवारं मत्स्यखात्याकडे गेली.