रिसेलरक्लब

रिसेलरक्लब : मुंबईच्या डायरेक्टाय समूहाने उभारलेली डोमेन आणि वेब होस्टिंगची घाऊक सेवा. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी वडिलांकडून 25,000 रुपये घेऊन 1998 मध्ये डायरेक्टाय सुरू केली; त्या वेळी दोघेही विशीच्या आत होते. रिसेलरक्लब, किरकोळ विक्रीसाठी बिगरॉक आणि या व्यवहारांमागची संगणकप्रणाली सांभाळणारी लॉजिकबॉक्सेस ही या समूहाची होस्टिंग क्षेत्रातील मुख्य नावे.

रिसेलरक्लबचे वेगळेपण तिच्या विक्रीच्या रीतीत होते. कंपनी संकेतस्थळाच्या मालकाला थेट माल विकत नसे. ती मधल्या विक्रेत्याला, म्हणजे रिसेलरला, घाऊक दरात डोमेन आणि सर्व्हरवरची जागा देई. सोबत एक कंट्रोल पॅनेल देई. त्या पॅनेलवर विक्रेत्याने स्वतःचे नाव, स्वतःचे दर आणि स्वतःचे बिल लावायचे. त्यामुळे परवाना, डेटा सेंटर किंवा मोठे भांडवल हाताशी नसतानाही लहान गावातला संगणकाचा जाणकार होस्टिंगचा व्यवसाय करू शकत होता. इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरसारख्या यंत्रमागांच्या गावाचा विचार केला, तर या रचनेचे मोल कळते. कापडाच्या व्यापाऱ्याला संकेतस्थळ आणि कंपनीच्या नावाचा ईमेल हवा असतो. सर्व्हर कुठे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याचा विश्वास ओळखीच्या माणसावर असतो. भारतीय इंटरनेटच्या प्रसारात या मधल्या माणसाचा वाटा फार मोठा आहे आणि त्याची नोंद फार थोडी झाली आहे.

जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेच्या एंड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुपने डायरेक्टायचा हा होस्टिंग व्यवसाय दहा कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतला. डोमेनच्या नव्या शेपट्या चालवणारी रॅडिक्स ही कंपनी मात्र तुरखियांकडेच राहिली. संस्थापकांचे लक्ष पुढे वेगळ्या उद्योगांकडे गेले : भाविन यांनी झेटा ही बँकिंग तंत्रज्ञानाची कंपनी काढली, तर दिव्यांक यांची मीडिया डॉट नेट 2016 मध्ये चिनी गुंतवणूकदारांनी विकत घेतली.

एंड्युरन्सचा धंदाच मुळी खरेदीचा होता. ब्लूहोस्ट, होस्टगेटर, आयपेज अशी नावे विकत घ्यायची, त्यांचे सर्व्हर आणि ग्राहकसेवा एकत्र आणायची आणि खर्च वाचवायचा, ही तिची पद्धत. एकत्रीकरणातला धोका रिसेलरक्लबच्या खरेदीआधीच दिसला होता. 2 ऑगस्ट 2013 रोजी युटामधील प्रोव्हो येथील एका डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि ब्लूहोस्ट, होस्टगेटर यांच्यासह चार नावांची संकेतस्थळे एकदम बंद पडली. फेब्रुवारी 2016 मध्ये कॉन्स्टंट कॉन्टॅक्ट या ईमेल-विपणनाच्या कंपनीची सुमारे 110 कोटी डॉलरची खरेदी पूर्ण झाली आणि कर्जाचा बोजा वाढला. 2016 अखेर सुमारे 53.7 लाख असलेले ग्राहक 2018 अखेर सुमारे 48 लाखांवर आले. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या रोखे आयोगाने ग्राहकसंख्या फुगवून सांगितल्याच्या आरोपावरून कंपनीवर कारवाई केली. आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीने 80 लाख डॉलर भरले. ज्या धंद्याचा सारा आधार ग्राहकाच्या विश्वासावर, त्यातच ग्राहकांची संख्या खोटी ठरावी, हे या नोंदीतले सर्वांत गंभीर प्रकरण होय.

पालक कंपनीची घसरण रिसेलरला अडचणीची ठरते. बिलावर त्याचे नाव असते, त्यामुळे सर्व्हर मंदावला किंवा नूतनीकरणाचा दर वाढला तर फोन त्यालाच येतो. आणि त्याला सहज बाहेरही पडता येत नाही. डॉट कॉमसारखे प्रत्येक डोमेन हलवताना कुलूप काढणे, संकेतशब्द मिळवणे, एक वर्षाचे शुल्क भरणे आणि काही दिवस थांबणे आलेच. शिवाय डीएनएसच्या नोंदी बदलायच्या आणि जुन्या ईमेलच्या पेट्या एकेक करून उतरवायच्या. दोनशे ग्राहक असलेल्या माणसाने हे काम कधी करावे? म्हणून अशा सेवेतून ग्राहक एका रात्रीत निघून जात नाहीत. नूतनीकरणाच्या तारखेगणिक थोडे थोडे गळतात.

विकत घेतल्यानंतर सेवा हळूहळू मागे पडण्याचे जगात याहून गाजलेले उदाहरण हेरोकूचे. प्रोग्रॅमरला सर्व्हरची उठाठेव न करता अ‍ॅप चालवू देणारा हा मंच 2007 मध्ये निघाला. डिसेंबर 2010 मध्ये सेल्सफोर्सने तो सुमारे 21.2 कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. पुढची काही वर्षे तो वाढत राहिला, मग नवेपणा आटला. एप्रिल 2022 मध्ये गिटहबशी जोडणाऱ्या त्याच्या टोकनांची चोरी उघड झाली आणि 28 नोव्हेंबर 2022 पासून मोफत योजना बंद झाली. विद्यार्थ्यांचे असंख्य छोटे प्रकल्प त्या योजनेवर चालत होते.

ऑक्टोबर 2013 मध्ये 12 डॉलरना विकलेला एंड्युरन्सचा शेअर फेब्रुवारी 2021 मध्ये क्लिअरलेक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने 9.50 डॉलरना घेतला. कंपनीचा होस्टिंग व्यवसाय वेब डॉट कॉमबरोबर एकत्र होऊन न्यूफोल्ड डिजिटल झाला आणि रिसेलरक्लब, बिगरॉक ही मुंबईत जन्मलेली नावे त्या समूहाकडे गेली.